कोल्हापुरात एप्रिल-मेच्या उन्हात परसातल्या मधमाश्यांच्या पेटीसाठी काय करावं?

पेटीवर दुपारची सावली आणि जवळच रोज ताजं पाणी, एवढं आधी करा. पिल्लांच्या पोळ्याचं तापमान माश्या 34-35 अंशांवर राखतात. त्यासाठी पाणी आणून त्याचे थेंब पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पसरट परळात खडे टाका, पाणी खड्यांच्या माथ्याखालीच ठेवा, नाहीतर माश्या बुडतात. परळाची जागा बदलू नका, तो कोरडाही पडू देऊ नका. झाकणावर ओलं गोणपाट चालेल, पण दार मोकळं हवं. संध्याकाळी माश्या दाराबाहेर घोसासारख्या लटकल्या तर घाबरू नका, आत हवा खेळावी म्हणून त्या बाहेर येतात. सातेरी, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी माश्या मात्र ऊन आणि उपासमार एकत्र आली की पेटीच सोडून जातात. फुलोरा संपला असेल तर साखरेचा पाकही द्या, तो सूर्यास्तानंतरच.