व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या भावाला पुन्हा शॅकच्या कामावर पाठवावं का?

ताई, तुमचा भाऊ गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे सीझनपुरत्या उभारलेल्या हॉटेलात, वेटर होता, ब्राउन शुगरची नशा सोडून नुकताच केंद्रातून आलाय, आणि ऑक्टोबरपासून त्याला पुन्हा तिथेच बोलावलंय. पाठवू की दुसरं काही शिकवू, असं तुम्ही विचारलंय.

पाठवू नका. माझं म्हापशात एसी-फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आणि अशी मुलं मी हाताखाली शिकायला ठेवतो. शॅकमालक चांगला असेलही. पण सीझनमध्ये उशिरापर्यंत जागरण, टिपचे पैसे रोख हातात आणि ओळखीचा माल विकणारा जवळच. मग जूनमध्ये शॅक उतरवली की पावसाळाभर रिकामपण. म्हणून काम संध्याकाळी सुटतं का, बारा महिने चालतं का आणि पगार कसा मिळतो, हे आधी बघा. ट्रेड कुठला ते नंतर.

पगाराचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त धास्ती पहिल्या पगाराच्या दिवसाची असते. नशा काही महिने बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग पूर्वीइतकाच डोस घेतला तरी श्वास थांबून माणूस जाऊ शकतो. म्हणून पगार खात्यात जमा व्हावा, आणि भाऊ राजी असेल तर ते खातं तुमच्यासोबत जॉइंट करा. सगळे पैसे मात्र काढून घेऊ नका. स्वतःच्या कमाईतली मासळी त्याने घरी आणली पाहिजे.

तो ब्युप्रेनॉर्फिनसारख्या, नशेची ओढ आवरणाऱ्या गोळीवर असेल तर शिडी, उंची, वेल्डिंग या कामांबद्दल डॉक्टरांना विचारा. ती गोळी म्हणजे उपचार आहे, कामासाठी परस्पर बंद करू नका. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, तपासणी असो की एनएची (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, नशा सोडलेल्यांचा गट) मीटिंग, त्या वेळी सोडणारा मालकच शोधा. खरं काय ते त्या एका माणसाला सांगा, सगळ्या दुकानाला कळायची गरज नाही.

सुरुवात अर्ध्या दिवसाने करा. मी आधी स्प्लिट एसीचे फिल्टर आणि कॉइल धुवायला देतो. तांब्याच्या पाइपाचं ब्रेझिंग, म्हणजे आचेवर सांधे जोडणं, हात स्थिर झाल्यावरच. जमतंय असं दिसलं की मग आयटीआय. प्लंबर, वेल्डर एका वर्षाचे आहेत. इलेक्ट्रिशियन आणि एसी-रेफ्रिजरेशनला दोन वर्षं लागतात, त्यासाठी दहावी पास हवी. सुतारकाम, शिवणकाम किंवा केस कापण्याचं काम हातात असेल तर कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाचे रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 पर्यंत मदत आहे. त्यातलं कर्ज मात्र पहिल्या वर्षी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हप्ता चुकला की मुलगा घाबरून लपायला लागतो.

केंद्र सरकारच्या 2018 पासूनच्या नशामुक्ती कृती आराखड्यात बऱ्या झालेल्यांसाठी कौशल्य प्रशिक्षण आणि उपजीविकेचं साहाय्य धरलेलं आहे. भाऊ ज्या केंद्रात होता तिथल्या समुपदेशकाला त्याबद्दल विचारा, किंवा 14446 या हेल्पलाइनवर फोन करा. पण आधी भावालाच विचारा, त्याला काय शिकायचंय.