मारुती ८०० इतकी वर्षं चालली, पण मॉडेल खरंच कितीदा बदललं?

मोठा बदल एकदाच, १९८६ मध्ये. डिसेंबर १९८३ ला आलेली पहिली गाडी म्हणजे सुझुकीची जपानमधली फ्रॉन्टे. १९८६ ला तिथल्याच नव्या अल्टोची बॉडी घेतली आणि पुढे शेवटपर्यंत, दिवे-बंपर सोडले तर, तीच राहिली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिनही तेच. कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग) जाऊन एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळं पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं एवढंच. २००० च्या सुमारास पाच गिअरवालीही निघाली. चालवायला सगळ्यांत मजा तीत, असं माझं मत (एसी लावून घाट चढताना मात्र नाही!). २०१० ला भारत स्टेज ४ या गाड्यांच्या धुरावरच्या नियमांमुळे १३ शहरांत विक्री थांबली, जानेवारी २०१४ ला उत्पादन. तोवर तिचं गिऱ्हाईक मारुतीच्याच भारतातल्या अल्टोकडे गेलं होतं.