इमारतींविना उभी राहिलेली विद्यापीठे

प्रश्न : मी इतिहास विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेत आहे. मध्ययुगीन युरोपातील पहिली विद्यापीठे राजांनी स्थापन केली की चर्चने? स्वतःची वास्तूही नसलेल्या या संस्थांपुढे नगरे आणि राजे नमते का घेत? शिवाय छपाई नसताना विद्यार्थ्यांना पुस्तके कशी मिळत?

उत्तर : बोलोन्या आणि पॅरिस या सर्वांत जुन्या विद्यापीठांपुरते बोलायचे, तर ती कोणा एकाने स्थापन केलीच नाहीत. बोलोन्यासाठी १०८८ हे वर्ष सांगितले जाते, पण ते परंपरेने मानलेले आहे. रोमन कायदा शिकण्यासाठी आल्प्सपलीकडूनही तेथे प्रौढ विद्यार्थी येत. परक्या नगरात त्यांना कायद्याचे संरक्षण नसे आणि एखाद्या देशबांधवाने बुडवलेले कर्जही त्यांच्याकडून वसूल केले जाई. बाराव्या शतकाच्या मध्यास सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने या वसुलीला मनाई केली. पुढे कारागिरांचे व्यवसायसंघ असत त्याच धर्तीवर विद्यार्थ्यांनी आपले संघ बांधले, आपल्यातूनच प्रमुख निवडला आणि प्राध्यापकांकडून आज्ञापालनाची शपथ घेतली. तेथील नियम आजच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावेत असे आहेत. घंटेच्या ठोक्याला व्याख्यान सुरू न करणाऱ्या, ठरलेल्या तारखेपर्यंत ग्रंथाचा नेमलेला भाग पुरा न करणाऱ्या किंवा पाच श्रोतेही जमवू न शकणाऱ्या प्राध्यापकाला दंड होई.

पॅरिसमध्ये मात्र संघ अध्यापकांचा होता आणि विद्यार्थी त्याच्या छत्राखाली असत. ते धर्मसेवकांत गणले जात असल्यामुळे त्यांचे खटले नगराच्या नव्हे, तर चर्चच्या न्यायालयात चालत आणि नगरवासीयांचा रोष त्यावरच असे.

या संस्थांचे खरे बळ त्यांच्या निर्धनतेत होते, असे मला वाटते. व्याख्याने भाड्याच्या खोल्यांत होत आणि विद्यार्थी जमिनीवर पसरलेल्या गवतावर बसत. मागे सोडण्यासारखी मालमत्ताच नसल्यामुळे सगळे विद्यापीठ उठून दुसऱ्या गावी जाऊ शके, आणि त्यासोबत घरभाडे, अन्न आणि मद्य यांवर चालणारा गावाचा व्यापारही बसे. १२०९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका स्त्रीच्या हत्येनंतर नगरवासीयांनी विद्यार्थ्यांना फाशी दिले, तेव्हा पांगलेल्यांपैकी काही जण केंब्रिजला गेले आणि तेथील विद्यापीठाचा आरंभ झाला. पादुआचे विद्यापीठही १२२२ मध्ये बोलोन्या सोडून आलेल्यांनीच उभे केले.

सर्वांत मोठा प्रसंग पॅरिसचा आहे. १२२९ मध्ये मद्याच्या बिलावरून सुरू झालेल्या दंगलीत राजमाता ब्लांश हिच्या आदेशावरून आलेल्या शिपायांनी काही विद्यार्थ्यांना ठार केले. अध्यापकांनी व्याख्याने बंद केली आणि पुष्कळ जण तुलूझ, ऑर्लेआँ, ऑक्सफर्ड अशा ठिकाणी निघून गेले. अखेर १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने आज्ञापत्र काढून गंभीर अन्यायाची भरपाई न झाल्यास व्याख्याने थांबवण्याचा अध्यापकांचा हक्क मान्य केला. एका सर्वोच्च धर्मसत्तेने शिक्षकांच्या संपाला लेखी मान्यता द्यावी, ही घटना अभ्यासक्रमात एका ओळीत उरकली जाते याची मला खंत वाटते.

आता पुस्तकांविषयी. चर्मपत्रावर हाताने लिहिलेला ग्रंथ बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असे. म्हणून तेराव्या शतकात पॅरिस आणि बोलोन्यात अशी पद्धत रुळली, की विद्यापीठाने तपासलेली मूळ प्रत ग्रंथविक्रेत्याकडे न बांधता, सुट्या खंडांत ठेवलेली असे. एक खंड बहुधा चार पानांचा, म्हणजे आठ पृष्ठांचा असे. विद्यार्थी किंवा त्याने नेमलेला लेखनिक विद्यापीठाने ठरवलेल्या दराने एकेक खंड भाड्याने नेई आणि उतरवून परत करी. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती एकाच वेळी तयार होत. अशा हस्तलिखितांच्या समासात लेखनिकांनी टिपलेले खंडांचे क्रमांक आजही सापडतात, आणि कोणती प्रत कोणत्या मूळ प्रतीवरून उतरवली हे अभ्यासक त्यांच्या आधारे शोधतात.