मे महिन्यात हिमालयात ट्रेकला जाताना हिमस्खलनाची भीती कितपत?

साताऱ्याहून मे महिन्यात पहिल्यांदाच निघालाय, बर्फ कोसळायची भीती कितपत आणि तयारी काय करावी, असं विचारलंय तुम्ही.

तयारी सगळेच करतात. रोज अजिंक्यतारा चढायचा, यवतेश्वरच्या घाटात पळायचं. त्याने दम वाढतो, बर्फ कळत नाही.

आम्ही साताऱ्याचा ग्रुप घेऊन हिमालयातल्या रूपिन पास या उंच खिंडीला गेलो होतो. पासच्या खालची घळ तेव्हा बर्फाने भरलेली असते आणि चांगलीच खडी आहे. आदल्या रात्री आभाळ गच्च भरलेलं. पहाटे तीनला बाहेर आलो तर तंबूवर गोठलेल्या दवाचा कणही नाही, आणि बर्फावर पाय टाकला की घोट्याच्या वर आत. दिवसा उन्हाने बर्फ वितळतो, पाणी आत मुरतं. रात्र निरभ्र असली की ते गोठून वरचा थर कडक होतो, पहाटे त्यावरून चढता येतं. ढग असले की गोठतच नाही, आणि असा ओला, सैल बर्फ उतारावरून कोसळू शकतो. गाईडने काठी खुपसली, ती मुठीपर्यंत गेली. म्हणाला, आज नाही.

आमच्यातल्या एकाने तिथंच वाद घातला. एवढे पैसे भरलेत, रजा टाकलीय, तासाभराचा तर चढ राहिलाय! मी गाईडच्या बाजूने उभा राहिलो आणि सगळे माघारी आलो. तो अजून ऐकवतो, "त्या दिवशी काही कोसळलं का?" नाही कोसळलं. पसरणी घाटात वळणावर ओव्हरटेक केलं आणि समोरून काही आलं नाही, म्हणून ते बरोबर ठरतं का?

धोका मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, म्हणून अंधारात निघून ऊन चढायच्या आत पार व्हायचं. बुकिंग करतानाच विचारा, माघारी फिरायचा निर्णय कोणाचा? "ग्रुप ठरवेल" असं उत्तर आलं तर तिथं पैसे भरू नका.

बीकन (गाडलेला माणूस कुठे आहे ते सिग्नलने दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हे सोबत्यांकडेच हवं. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढावं लागतं, तेवढ्यात बाहेरून कोणी पोचत नाही.

एक सांगायचं राहिलं. गोठण्याचा हा हिशोब जुन्या, ओल्या बर्फाचा. ताजा बर्फ पडला असेल तर कडाक्याच्या थंडीतही थरच्या थर सुटतो. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात पंचवीसहून जास्त माणसं दगावली, त्यात गिर्यारोहणाचं प्रशिक्षण घेणारेच बहुतेक होते. नवा बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस थांबावं लागतं, तेव्हा परतीचं तिकीट तेवढं पुढचंच काढा.