सगळा माल एकाच दारात

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा कराराचा मसुदाही वाचला. एवढ्या मोठ्या साखळी दुकानाने पहिल्याच वर्षी तुझ्या सगळ्या जीन्स उचलायची तयारी दाखवली, याचा मलाही आनंद आहे. पण पत्राच्या शेवटी तू जाता जाता जे विचारलंस, तिथूनच सुरुवात करतो. ‘हाऊ टू मेक इट इन अमेरिका’सारखी झकास मालिका दोनच सीझनमध्ये का गुंडाळली? तुला हे दोन वेगळे विषय वाटतायत. मला नाही वाटत.

मालिका मीही बघितली आहे, पण कापडाच्या धंद्यातल्या माणसाच्या नजरेने. बेन हा न्यूयॉर्कमधल्या बार्नीज या उंची दुकानात जीन्सच्या घड्या घालणारा पोरगा, आणि कॅम त्याचा बोलबच्चन मित्र. खिशात दमडी नाही आणि काढायचाय ‘क्रिस्प’ नावाचा स्वतःचा ब्रँड! मागे वसुलीचा तगादा कॅमच्या नात्यातल्या रेनेचा, जो नुकताच तुरुंगातून सुटलाय आणि स्वतः ‘रास्ता मोन्स्टा’ नावाचं एनर्जी ड्रिंक खपवायच्या खटपटीत आहे. लुइस गुझमानने हा रेने काय रंगवलाय! तुम्हा मुलांना बेन आवडतो. माझ्या मते त्या गोतावळ्यात खरा व्यापारी रेनेच. आपले पैसे कुठे अडकलेत हे तो एक दिवससुद्धा विसरत नाही.

मालिकेने बरंच खरं दाखवलंय. कापड आधी आणि रोखीने घ्यावं लागतं, पैसे मात्र माल गेल्यावर कधीतरी येतात, आणि मधल्या काळात मित्र, नातेवाईक, जुनी मैत्रीण, कोणाकोणापुढे हात पसरावे लागतात, ते सगळं त्यात आहे. दाखवलेला नाही तो ताक्याचा हिशेब. ज्या जपानी सेल्व्हेज (बांधीव काठाच्या) डेनिमसाठी ही पोरं वेडी होतात, ते जुन्या धोट्याच्या मागावर विणतात. पन्हा जेमतेम तीस इंच. म्हणजे एका जीन्सला पावणेतीन मीटरच्या आसपास कापड जातं, आणि १०० मीटरच्या ताक्यातून पस्तीस-छत्तीस नग निघतात. ते अठ्ठावीसपासून छत्तीस कमरेपर्यंत वाटून बघ. एकेका मापाचे किती आले? बत्तीस-चौतीस पहिल्या आठवड्यात उडतात, अठ्ठावीस आणि छत्तीस वर्षभर कपाटात पडून राहतात, आणि तुझा नफा नेमका त्या कपाटात असतो. पडद्यावर हे कोण बघणार म्हणा! पण तू बघ.

आता मालिका बंद का पडली ते. ती एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर १४ फेब्रुवारी २०१० ला सुरू झाली. आठ-आठ भागांचे दोन सीझन झाले, दुसरा नोव्हेंबर २०११ मध्ये संपला आणि डिसेंबरात वाहिनीने पुढचा सीझन नाही म्हणून सांगून टाकलं. त्याच वेळी ‘हंग’ आणि ‘बोअर्ड टू डेथ’ या आणखी दोन अर्ध्या तासाच्या मालिकांनाही नारळ दिला. ‘एनलाइटन्ड’ मात्र ठेवली, आणि तिला तरी कुठे प्रेक्षकांची रांग लागली होती! पुढच्याच एप्रिलमध्ये ‘गर्ल्स’ आणि ‘व्हीप’ या नव्या मालिका फळीवर आल्या. एचबीओ जाहिरातींवर नाही, वर्गणीवर चालते. कोणती मालिका आपल्या दुकानाची शान वाढवेल, कशाची चर्चा होईल, हा तिचा हिशेब. त्या वहीत ‘क्रिस्प’वाली पोरं बसली नाहीत, एवढंच. मालिकेत खोट होती म्हणून ती गेली असं मी म्हणणार नाही. दुसरा सीझन थोडा विस्कळीत होता हे खरं, पण त्याहून विस्कळीत मालिका वर्षानुवर्षं चालल्यात. बनवणाऱ्यांकडे गिऱ्हाईक एकच होतं. त्याने नाही म्हटल्यावर तोच माल उचलून शेजारच्या दुकानात नेता येत नव्हता.

त्यातल्या शीर्षकगीताचं बघ. ‘आय नीड अ डॉलर’ हे अ‍ॅलो ब्लॅक या गायकाचं गाणं, त्याच्या स्वतःच्या अल्बममधलं. मालिकेमुळे ते सगळ्यांच्या कानी गेलं, पण मालिकेच्या मालकीचं नव्हतं. ते ब्रिटनमध्ये २०११ साली दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि मालिका गेल्यावरही वाजत राहिलं.

आणि बार्नीज? जिथे आपला माल लागावा म्हणून कपड्यांचे नवे ब्रँड जीव टाकायचे, त्या दुकानाने ऑगस्ट २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेतली शेवटची दुकानंही बंद. पैसे अडकलेल्या पुरवठादारांच्या यादीत सगळ्यात वर ‘द रो’ हा ब्रँड होता, येणं ३७ लाख डॉलरच्या घरात. त्यांचा जीव मोठा, ते तरले. याच यादीत तुझ्याएवढा कोणी असेल तर त्याचं काय झालं असेल याचा विचार कर.

तुझ्या मसुद्यात तीन गोष्टी मला खटकल्या. पहिली, वर्षभर दुसऱ्या कोणालाही माल द्यायचा नाही ही अट. ती काढायला लाव, नाहीतर तेवढ्याच किमतीची किमान खरेदी लेखी घे. दुसरी, ‘न विकलेला माल परत’. याला आपल्याकडे जांगड म्हणतात, आणि जांगड मालाला ऑर्डर समजून कापड उचललंस तर बुडशील. फार तर चौथा हिस्सा जांगड दे, बाकी पक्की विक्री. तिसरी, ९० दिवसांनी पैसे. तुझी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना? मग २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे ४५ दिवसांवरची मुदत करारात लिहिली तरी चालत नाही. हे त्यांच्या हिशेबखात्याला चांगलं ठाऊक असतं. ४५ दिवसांत चुकती न केलेली रक्कम आर्थिक वर्ष संपेपर्यंतही थकलेली असेल, तर ती त्यांना आयकरात त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. भांडू नकोस, नोंदणीचा दाखला मेलला जोडून पाठव आणि मुदत बदलून मागून घे.

ऑर्डर नाकार असं मी म्हणत नाहीये. घे, पण निम्म्या मालाची घे. उरलेला निम्मा तुझ्या स्वतःच्या नावाने, हळूहळू, पाच-सहा छोट्या दुकानांत आणि ऑनलाइन. सुरुवातीला जीव मेटाकुटीला येईल. सहा जणांची उधारी सांभाळणं म्हणजे सहा जणांचे फोन आले.

गुरुवारी उल्हासनगरला येतोय. तुझ्या सॅम्पलची चौतीस कमरेची जीन्स मी धुऊन बघितली, मांडीत घट्ट होतेय. कटिंग मास्टरला सांग, पॅटर्न कापायच्या आधी कापड भिजवून किती आटतंय ते मोजून ठेव, मग बोलू.