शंका-समाधान : ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य आणि आपण

प्रश्न (मिरज येथील एक वाचक) : आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. आमच्या घरोघरच्या प्रार्थनासभेत योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय चालू असताना वाद झाला. एका तरुण भावाचे म्हणणे असे की, ख्रिस्ताने आपल्याला मोकळे केले आहे, तेव्हा लेंटमधले, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातले, उपवास, रविवारची सक्ती, पोशाखाचे नियम हे सर्व जुने जोखड आहे. सभेतील वडीलधारे म्हणाले की, नियम सुटले की माणूस बिघडतो. मी गप्प बसलो, कारण माझी अडचण निराळीच आहे. बाप्तिस्मा होऊन, पश्चात्ताप करून आणि अनेकदा प्रार्थना करूनही माझी तंबाखू सुटत नाही. मग मी बंधमुक्त झालो आहे असे कोणत्या तोंडाने म्हणू?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग मी आधी घेतो, कारण सभेतील वादापेक्षा तो अधिक मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर मिळाले की वादही बराचसा निवळतो.

आपल्या सभेत चाललेल्या अध्यायात येशू ज्यांच्याशी बोलत होता त्यांनी सत्य बंधमुक्त करील हे ऐकताच उत्तर दिले की, आम्ही अब्राहामाचे वंशज आहोत, आम्ही कधीच कोणाच्या दास्यात नव्हतो. रोमी सत्तेखाली राहणाऱ्या आणि मिसर व बाबेल यांचा इतिहास पाठ असलेल्या लोकांनी असे म्हणावे हे विलक्षणच आहे. येशूने त्यांच्याशी राजकारणाचा वाद घातला नाही. जो पाप करतो तो पापाचा दास आहे, आणि दासाला घरात कायमची जागा नसते, ती पुत्राला असते, असे त्याने सांगितले. या उत्तरात स्वातंत्र्याचा ख्रिस्ती अर्थ बराचसा आला आहे : मनाला येईल ते करण्याची मुभा नव्हे, तर पुत्राच्या नात्याने पित्याच्या घरात मिळालेली कायमची जागा. ही जागा आपल्या कर्तबगारीवर मिळत नाही, म्हणून कर्तबगारी कमी पडली तर ती जातही नाही. तंबाखू सुटली की देव मला आपला म्हणेल, असे आपण मनाशी धरून चालला असाल तर तंबाखूपेक्षा मोठे बंधन तेच आहे.

याचा अर्थ सवयीशी झगडू नये असा मुळीच नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, चांगले करावेसे वाटते ते होत नाही आणि नकोसे वाटते तेच हातून घडते, अशी तक्रार उघडपणे मांडली आहे. हे वर्णन पौलाच्या ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या स्थितीचे की नंतरच्या, याविषयी जुन्या काळापासून मतभेद आहेत. प्राचीन ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीनने उत्तर आयुष्यात आणि मार्टिन ल्यूथरनेही ते ख्रिस्ती माणसालाच लावले, आणि मला स्वतःला तेच पटते, कारण ज्याला आपल्या दास्याची चीडच नाही तो अशा शब्दांत तळमळत नाही. पुढच्याच अध्यायाचा आरंभ, जे ख्रिस्तामध्ये आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही, या घोषणेने होतो. दंडाज्ञा प्रथम उठते आणि झगडा नंतरही चालू राहतो, हा क्रम ध्यानात ठेवावा.

शिवाय तंबाखूतील निकोटिनची शरीराला लागलेली ओढ ही शरीराची गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी डॉक्टरांची मदत घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे नव्हे. १८९४ साली वॉनलेस यांनी मिशनचे रुग्णालय उभे केले त्या मिरजेच्या माणसाला हे मी निराळे सांगायला नको. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, तिचाही उपयोग करावा. ‘मला सर्व गोष्टींची मोकळीक आहे’ या करिंथ येथील घोषणेला पौलाने जोड दिली ती, मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही, या शब्दांची. प्रार्थना सोडू नका, पण प्रार्थनेनंतर खिशातली पुडी खिशातच ठेवू नका.

आता वादाकडे वळू. तरुण भावाने गलतीकरांस पत्राचा आधार घेतला असावा, आणि तो आधार खरा आहे. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून नियमशास्त्र पत्करल्याखेरीज त्यांचा विश्वास पुरा होत नाही, असे काही उपदेशक गलतियातील मंडळ्यांना सांगू लागले, तेव्हा पौलाने हे पत्र लिहिले. ख्रिस्ताने स्वातंत्र्यासाठीच आपल्याला स्वतंत्र केले आहे, पुन्हा जोखडात मान घालू नका, हे त्याचे बोल त्या प्रसंगाचे आहेत. उपवास केल्याने देव अधिक प्रसन्न होतो आणि न केल्याने रुष्ट होतो, असे जर आपल्या मंडळीत शिकवले जात असेल, तर तरुण भावाने हरकत घेतली हे योग्यच झाले. मात्र त्याच अध्यायाच्या तेराव्या ओवीत, या स्वातंत्र्याने देहवासनांना वाव देऊ नका, तर प्रीतीने एकमेकांचे दास व्हा, असेही आहे, आणि ते वाचायचे बहुधा राहून गेले. ल्यूथरने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जो छोटा ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभीच ही दोन टोके एकत्र बांधलेली आहेत : ख्रिस्ती मनुष्य सर्वांचा स्वतंत्र धनी आहे, कोणाच्याही अधीन नाही, आणि ख्रिस्ती मनुष्य सर्वांचा सेवक आहे, प्रत्येकाच्या अधीन आहे.

वडीलधाऱ्यांची भीतीही मी समजू शकतो, पण तिच्यात गफलत आहे. निर्गमाच्या पुस्तकात दहा आज्ञांच्या आधी, मी तुला मिसराच्या दास्यगृहातून बाहेर आणले, हे वाक्य येते. सुटका आधी झाली आणि आज्ञा नंतर आल्या. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली नाही. आपल्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ साली, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने ही खुली वसाहत सुरू झाली आणि शिक्षा झालेली माणसे कोटाच्या भिंतीवाचून, शेती करीत, बायकामुलांसह तेथे राहू लागली. भिंत नसताना माणूस जागेवर राहतो तो आपल्यावर टाकलेल्या भरवशामुळे, हे त्या प्रयोगाने दाखवले. उपमा येथेच थांबते, कारण स्वतंत्रपूरचा रहिवासी शिक्षा भोगत असतो आणि शुभवर्तमान सांगते की शिक्षा संपली आहे. फिलिप्पै येथे भूकंपाने तुरुंगाचे दरवाजे उघडले, बेड्या गळाल्या, तरी पौल आणि सीला पळाले नाहीत. कैदी पळाले असे समजून स्वतःवर तलवार उपसणाऱ्या अधिकाऱ्याला पौलाने, आम्ही सर्व जण येथेच आहोत, अशी हाक दिली. निघून जाण्याची मोकळीक असूनही दुसऱ्याच्या जिवासाठी जो थांबू शकतो, त्याच्या उपवासाची काळजी वडीलधाऱ्यांनी करू नये.

प्रश्न (वाई येथील एक वारकरी वाचक) : आमच्याकडे मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. आपण ज्याला तारण म्हणता ते हेच का?

उत्तर : नाही, आणि सौजन्यापोटी दोन्ही एकच म्हणणे आपल्या परंपरेवर आणि आमच्याही परंपरेवर अन्याय करील. ख्रिस्ती विश्वासात बंधनाचे मूळ अज्ञान किंवा कर्माचा साठा नसून देवाशी तुटलेले नाते हे आहे. ते नाते माणसाच्या साधनेने सांधले जात नाही. ते क्रूसावर देवाने स्वतः सांधले, अशी आमची श्रद्धा आहे. सुटकेनंतर जीव देवात विरून जात नाही आणि शरीर टाकाऊ ठरत नाही. पुनरुत्थानाची आशा शरीरासह आहे, आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर सारी सृष्टीच नश्वरतेच्या दास्यातून मुक्त होण्याची वाट पाहते असे म्हटले आहे.

तरीही एका ठिकाणी आपण जवळ येतो. मुक्ती नको, संपदा नको, तुझा विसर न पडो एवढेच दान दे, असे मागणाऱ्या तुकोबांना सुटकेपेक्षा सहवास प्रिय होता. नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत, ते उगीच नव्हे. १९१७ साली मिशनच्या नोकरीचा राजीनामा देऊन ते साताऱ्यात राहिले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. पगार सोडून संन्यास पत्करणाऱ्या या माणसाला मिशनमधील अनेकांनी लहरी ठरवले. माझ्या मते स्वातंत्र्य आणि सेवा एकाच आयुष्यात कशी बसतात हे त्याच्याइतके आपल्या भागात कोणी दाखवलेले नाही.

प्रश्न (सांगली येथील एक विद्यार्थिनी) : स्वातंत्र्य जर आत्मिक असेल, तर बाहेरच्या गुलामगिरीविषयी आणि जातीविषयी ख्रिस्ती धर्माला काही म्हणायचे नाही का?

उत्तर : म्हणायचे आहे, परंतु ख्रिस्ती लोकांनी ते नेहमी म्हटले नाही. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा जो भाग वाचला त्यात धरून नेलेल्यांच्या सुटकेची आणि ठेचल्या गेलेल्यांच्या मोकळिकीची घोषणा आहे, आणि तिला केवळ मनाच्या अवस्थेचा अर्थ लावता येत नाही. फिलेमोन या धन्याला लिहिताना पौलाने त्याच्या अनेसिम या दासाला दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकारण्यास सांगितले. गुलामगिरीची व्यवस्था मोडा असे मात्र त्याने लिहिले नाही, आणि पुढील शतकांत गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांनी याच बायबलचा आधार घेऊन माणसे विकली. ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापारावर १८०७ साली बंदी आली, ती मिळवण्यासाठी झगडणारे विल्बरफोर्सही हेच पुस्तक वाचत होते. एकाच ग्रंथातून दोन्ही पक्ष निघाले हे लपवण्यात अर्थ नाही. निवाडा करायचा तो ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही या गलतीकरांस पत्रातील विधानावर, आणि त्या निवाड्यात मळेवाले हरतात.

जातीविषयी आपण विचारलेत, तर आपल्याच मंडळ्यांकडे पाहावे लागेल. प्रभुभोजनाला शेजारी शेजारी गुडघे टेकणारी घरे मुलांची सोयरीक ठरवताना वाडवडिलांची मूळ जात हळूच विचारतात, हे मी पाळक म्हणून ऐकले आहे. अशा वेळी मध्यस्थीला बोलावल्यास पाळकाने स्थळाची चौकशी पुढे नेण्याऐवजी तो प्रश्नच नाकारावा, असे माझे मत आहे, आणि आपल्या घरात तो विचारला गेला तर आपणही नाकारावा.