आधी कातडी, मग डिझाइन

पोरी,
अनेक आशीर्वाद.

मासोळीच्या चामड्याच्या पर्सची तुझी रेखाटनं पाहिली. सुरेख आहेत. पण खाली ‘टाकाऊपासून’ लिहिलंयस, तिथं मी अडलो. आपल्या भंडारा जिल्ह्यात मासोळीची कातडी टाकतं कोण? मामा तलावातला, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातला, रोहू असो की कतला, बाजारातली बाई खवले काढून तुकडे करून देते आणि कातडीसकट रस्सा शिजतो. ती कातडी मागणं म्हणजे लोकांच्या ताटातलं मागणं.

आइसलँडमध्ये, केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी, कातडी सोलून नुसतं मांस विकायचे कारखाने आहेत. कातडी उरते म्हणून चामडं होतं. आपल्याकडे पंगस मासोळी सोलणारा कुणी आहे का, ते नागपूरच्या ठोक बाजारात विचार. हॉटेलात गोठवलेला बासा, म्हणजे सोललेला पंगसच, येत असेल तर त्याची कातडी व्हिएतनामातच राहिली! आणि पंगसला खवलेच नसतात, तेव्हा रेखाटनांतली ती खवल्यांच्या खाचांची जाळी विसर.

कातडी मिळाली की लगेच मीठ. मग बोथट सुरीनं मांस खरडायचं, चुन्याच्या पाण्यात ठेवायचं, चुना नीट धुऊन काढायचा. पुढे कातडी पकवायला, म्हणजे तिचं चामडं करायला, बाभळीच्या सालीचं पाणी, आधी अगदी पातळ, रोज थोडं दाट. घाईनं दाट पाण्यात टाकलीस तर वरचा पापुद्रा पकतो, आत कच्चं राहतं. मी जन्मभर बकरीची कातडी पकवली, पण मासोळीची त्याहून नाजूक. कमी उष्णतेलाही आकसते. त्यामुळे पाणी थंडच हवं, वाळवण सावलीत, आणि आपल्या उन्हाळ्यात हे काम काढायचंच नाही. शेवटी तेल मुरवायचं, नाहीतर पापडासारखी मोडेल. पकवायला क्रोमचं रसायन वापरू नकोस. सांडपाणी जाणार त्याच तलावात.

मजबुतीच्या गप्पाही जरा जपून. तंतू आडवे-उभे विणलेले असतात, म्हणून जाडीच्या मानानं ती चिवट, हे खरं. पण आइसलँडची जुनी माणसं डोंगरवाटेचं अंतर मासोळीच्या कातडीचे किती जोडे झिजले यावरून सांगत, इतके ते लवकर झिजत. ते जोडे न पकवलेल्या कातडीचे होते, तरी तू घड्याळाचा पट्टा, चिल्लरची पिशवी इथूनच सुरू कर. तुकडे लहान, जोड फार येतील.

पहिला नमुना बंद डब्यात घालून महिनाभर ठेव. उघडल्यावर वास आला तर तो विकायचा नाही.

सोलणारा सापडला की कळव. चुना, साल मी आणून ठेवतो. ये मात्र दिवाळीनंतर.

तुझा
काका